कोर्स पूर्ण झाला

केबिनमधली बेल दोनदा वाजली. एकदा वाजली की पुढचा पेशंट, दोनदा वाजली की वृषाली. तिने रजिस्टर मिटलं, ओढणी सारखी केली आणि दार ढकलून आत गेली.

डॉ. सारिकांच्या समोर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. डोक्यावरून पदर, मनगटात जाड सोन्याच्या बांगड्या, खुर्चीला टेकवलेली काठी. शेजारी त्यांची तरुण सून उभी होती.

"वृषाली, या राजकुंवरबाई. दाणाबाजारात यांचं डाळीचं दुकान आहे. गुडघ्यांनी हैराण झाल्यात. वजन उतरवायला सांगितलंय, पण इंजेक्शन म्हटलं की घाबरतात. तूच सांग बरं यांना."

वृषालीला आता हे पाठ होतं. "माझं चौऱ्याण्णव किलो होतं. आता बहात्तर आहे. सुई मुंगी चावल्यासारखी लागते, तेवढंच. आठवड्यातून एकदा."

"फिर जरा," डॉक्टर हसत म्हणाल्या.

वृषाली जागेवर एक फेरी फिरली. सून मान डोलावून हसली. राजकुंवरबाईंनी मात्र तिच्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, कापड घेण्याआधी पाहावं तसं.

"छान दिसता बाई. पण बंद केल्यावर? वापस तर नाही येत ना?"

डॉक्टरांनी वृषालीकडे पाहिलं. वृषाली म्हणाली, "नाही येत. चार-सहा महिन्यांचा कोर्स असतो. कोर्स पूर्ण झाला की झालं. फक्त मन पक्कं ठेवायचं."

ती खोटं बोलत नव्हती. मॅडमनी तिला असंच सांगितलं होतं आणि मॅडम सांगतील ते खरंच असतं, यावर तिचा विश्वास होता.

त्या विश्वासाला कारण होतं. लग्न होऊन ती धुळ्याहून जळगावला आली, तेव्हा नवरा संघपाल पाइपच्या कारखान्यात नुकताच लागला होता. घरी बसून करायचं काय म्हणून तिने या दवाखान्यात नोकरी धरली. एका खोलीचा दवाखाना होता तेव्हा. ताप, खोकला, जुलाब. डॉ. सारिका तिच्यापेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठ्या. दुपारी पेशंट नसले की दोघी एकाच टेबलावर डबा खायच्या. वृषालीचे वडील गेले, तेव्हा मॅडम स्वतः गाडी चालवत धुळ्याला आल्या आणि तिच्या आईशेजारी जमिनीवर तासभर बसून राहिल्या. वस्तीतल्या बायका आजही त्याबद्दल बोलत. त्यामुळे पुढे दवाखाना मोठा झाला, पाटीवर 'वजन नियंत्रण केंद्र' आलं आणि मॅडम म्हणाल्या, "नवीन इंजेक्शन आलंय, वृषाली. कंपनीकडून मला मिळतंय, तुझ्यापासूनच सुरुवात करते," तेव्हा तिने एकही प्रश्न विचारला नाही. कुर्ता वर केला आणि डोळे मिटले.

पहिले दोन आठवडे मळमळलं. तिसऱ्या आठवड्यात जे झालं ते तिला कोणाला समजावून सांगता येईना. लहानपणापासून तिच्या डोक्यात खाण्याचं एक बोलणं अखंड चालू असे. एक घास तोंडात असताना पुढच्याचा विचार. दुसऱ्याच्या घरी बसली तरी नजर फडताळाकडे. शाळेत मुलींनी ठेवलेली नावं, लग्न ठरताना पाहुण्यांची कुजबुज, सगळं सोसून झालं होतं, पण डोक्यातलं ते बोलणं काही थांबलं नव्हतं. आणि एका सकाळी ती ओट्यापाशी उभी असताना ते थांबलं. दिवसभर घरघरणारा मिक्सर कोणी बंद करावा आणि मग कळावं, की अरे, एवढा आवाज होता! समोर शेवेचा डबा होता. तो नुसता डबा होता.

"मॅडम, बाकीची माणसं अशीच जगतात का?" तिने विचारलं होतं. तिचे डोळे भरले होते. "एवढ्या शांततेत?"

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

वर्षभराने मॅडम म्हणाल्या, "झालं तुझं. कोर्स पूर्ण." दवाखान्यात टाळ्या वाजल्या. मॅडमनी तिला साडी दिली, जुन्या फोटोशेजारी नवा फोटो काढून भिंतीवर लावला. संघपालने तोच फोटो मोबाइलवर लावला. कारखान्यातल्या लोकांना दाखवायचा आणि थट्टेने बायकोलाच म्हणायचा, "आमच्या मॅडम."

पहिला महिना बरा गेला; राजकुंवरबाई पहिल्यांदा आल्या त्या याच महिन्यात. दुसऱ्या महिन्यातल्या एका दुपारी ती घरी आली, पोळ्यांचा डबा उघडला आणि भानावर आली तेव्हा उभ्या-उभ्या सहा पोळ्या संपल्या होत्या. भाजी तशीच झाकलेली. डोक्यातलं बोलणं परत सुरू झालं होतं. आधी हळू, मग पूर्वीपेक्षा मोठ्याने. इतके दिवस गप्प बसायला लावल्याचा राग काढल्यासारखं.

तिने सगळं केलं. पहाटे उठून मेहरूण तलावाला चकरा मारल्या. रात्रीचं जेवण सोडलं. गोड सोडलं. काटा तरी पुढेच. पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर, ब्याऐंशी. शेवटी एकदा तिने केबिनमध्ये जाऊन विचारलंच, "मॅडम, परत सुरू करू या का?"

"आता कशाला?" मॅडमनी मोबाइलवरून नजर काढली नाही. "सारखं औषधावर अवलंबून राहायचं नसतं. तू मन पक्कं ठेवत नाहीयेस, वृषाली. मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

ती मान खाली घालून बाहेर आली. मॅडमचं म्हणणं तिला पटलं होतं. हेच तिला पुढे सगळ्यात जास्त लागलं, की तेव्हा ते तिला पटलं होतं.

मधल्या काळात चुलत भावाच्या साखरपुड्याला ती धुळ्याला गेली. आई, लिलाबाई, चुलीपुढे बसलेली. तिने पुन्हा अंगाने भरलेल्या लेकीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आते कशी मनी पोर दिखस! मागला साल ते पुरी वाई गयथी. माले वाटे, काही बिमारी शे का काय."

आईने ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी वाढली, वर ठेचा, वर तेल. वृषालीने एक खाल्ली. दुसरी खाल्ली. आई वाढत गेली आणि ती खात गेली. चौथ्या भाकरीला तिला घास गिळवेना, तरी हात थांबेना. ती तशीच उठली, मोरीत गेली आणि तोंडावर पाणी मारत रडली.

आई मागे येऊन उभी राहिली. "रडस काबर व? कोन्ही काही म्हनं का तुले?"

"काही नही व माय."

आईला काय सांगणार? की माझं मन कच्चं निघालं?

राजकुंवरबाईंचा कोर्स या दरम्यान झाला होता. चार महिन्यांत तेरा किलो उतरले. एके दिवशी त्या काठीशिवाय दवाखान्याचा जिना चढून आल्या आणि काउंटरवर सुकामेव्याची पिशवी ठेवून म्हणाल्या, "ही तुमच्यासाठी. तुम्ही बोललात म्हणून मी हिंमत केली." त्यांचंही 'कोर्स पूर्ण' झालं.

आणि चार महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. काठी परत आली होती. जिना चढून काउंटरपाशी पोचेपर्यंत त्यांना धाप लागली. केबिनचं दार नीट लागलं नव्हतं, त्यामुळे वृषालीला सगळं ऐकू आलं.

"पथ्य मोडलं असणार तुम्ही," मॅडम म्हणत होत्या. "औषध आपलं काम करतं. पुढचं पेशंटच्या हातात. हवं तर दुसरा कोर्स सुरू करू."

"गलती झाली डॉक्टरसाहेब," राजकुंवरबाई म्हणाल्या. घरात चार सुना-मुलांवर जिचा शब्द चालतो ती बाई, हात जोडून. "माझीच गलती."

बाहेर आल्यावर त्या काउंटरशी थांबल्या. वृषालीच्या चेहऱ्याकडे, मग दंडांकडे, काचेला टेकलेल्या पोटाकडे पाहिलं. आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "बाई, तुमचंही?"

काउंटरसमोर पाच-सहा बायका बसलेल्या. वृषालीने रजिस्टरमध्ये मान घातली. राजकुंवरबाई एक-एक पायरी उतरत निघून गेल्या. केबिनच्या काचेतून मॅडम हे बघत होत्या.

सोमवारी ती कामावर आली, तर तिच्या खुर्चीत हिना बसलेली. बावीस-तेवीस वर्षांची, सडपातळ, बोलायला चटपटीत. "मॅडम म्हणाल्या, ताई, तुम्ही आतलं स्टोअर बघा. तुमच्यावरच भरोसा आहे म्हणाल्या."

स्टोअर म्हणजे मागची बिनखिडकीची खोली. इंजेक्शनांचा फ्रीज, खोकी, एक ट्यूबलाइट. बेल आता तिच्यासाठी वाजत नव्हती. समोर पेशंट आला की मॅडम भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवत. फोटोतली वृषाली जाड होत नव्हती.

दोन आठवड्यांनी फ्रीज बिघडला. मेकॅनिकने तो भिंतीपासून पुढे ओढला, तेव्हा मागे एक खोकं निघालं. धुळीने माखलेलं, चिकटपट्टीही न काढलेलं. वरच्या पावतीवर पार्सल घेणाऱ्याची सही होती. सही वृषालीची. तारीख पावणेदोन वर्षांपूर्वीची, तिला पहिली सुई दिली त्याच्याही आधीची. मग तिला अंधूक आठवलं. पार्सल तिनेच घेतलं होतं आणि मॅडम म्हणाल्या होत्या, "कंपनीची जाहिरात असेल. टाक आत कुठेतरी."

मेकॅनिक गेल्यावर तिने पट्टी फाडली. आत पुस्तिका होत्या. छान गुळगुळीत कागद, स्वच्छ मराठी. प्रत्येक पेशंटला पहिल्या भेटीतच द्यावी, असं मुखपृष्ठावरच छापलेलं. आणि त्याखाली ठळक अक्षरांत : औषध थांबवल्यावर काय होतं.

ती खोक्यावरच बसली आणि वाचू लागली.

औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत भूक परत येते. खाण्याचे विचार परत येतात, कधीकधी आधीपेक्षा तीव्र वाटतात. उतरलेल्या वजनाचा मोठा भाग बहुतेक लोकांमध्ये वर्षभरात परत येतो. साखर आणि रक्तदाब पुन्हा वाढू शकतात, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्यात. औषध अचानक बंद न करता डॉक्टरांशी बोलून पुढची योजना ठरवावी. स्थूलता हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे, अनेकांना दीर्घकाळ उपचार लागतात. आहारात प्रथिनं ठेवावीत, स्नायूंचा व्यायाम करावा. उपाशी राहू नये.

हे तिचेच आठ महिने होते. कोणीतरी आधीच लिहून, छापून, खोक्यात भरून ठेवलेले.

शेवटच्या पानावर एक ओळ होती : वजन परत येणं हा तुमच्या इच्छाशक्तीचा दोष नाही.

ती ओळ तिने तीन-चारदा वाचली. पहाटेच्या चकरा, सोडलेली जेवणं, मोरीतलं रडणं, सगळं त्या एका ओळीपुढे येऊन उभं राहिलं. तिला रडू मात्र आलं नाही. कानशिलं तापली.

दुपारी शेवटचा पेशंट गेल्यावर ती न विचारता केबिनमध्ये गेली आणि पुस्तिका टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी ती उचललीही नाही. "कुठे मिळाली?"

"फ्रीजच्या मागे. मॅडम, तुम्हाला हे माहीत होतं?"

"बस आधी."

"माहीत होतं का?"

"अगं, सगळ्याच डॉक्टरांना माहीत असतं." डॉक्टरांनी चष्मा काढला. त्या चिडल्या नव्हत्या. थकलेल्या माणसासारख्या बोलत होत्या. "पण हे पहिल्याच दिवशी सांगितलं, तर कोण सुरू करेल? चार महिन्यांचा कोर्स म्हटला की माणूस तयार होतो. थोडे दिवस तरी सुखाने जगतो. राजकुंवरबाई चार महिने बिनाकाठीच्या चालल्या की नाही? आणि तू? तुला सांगितलं असतं, तर तू घेतलं असतंस?"

वृषालीने विचार केला. खरंच केला, कारण प्रश्न खरा होता.

"घेतलं असतं," ती म्हणाली. "ती शांतता चारच दिवसांची आहे म्हणाल्या असतात, तरी घेतलं असतं. पण मग बंद केल्यावर मी स्वतःला शिव्या दिल्या नसत्या, मॅडम. तुम्ही मला म्हणालात, माझं मन पक्कं नाही. तोंडावर म्हणालात. तुम्हाला माहीत असून."

डॉक्टरांनी पुस्तिका टेबलाच्या कडेला सरकवली.

"आणि माझ्या तोंडून बायकांना सांगायला लावलंत."

"तुला कोणी जबरदस्ती केली नव्हती."

एवढं बोलून त्यांनी चष्मा परत घातला. वृषाली त्यांच्याकडे बघत राहिली. धुळ्याला आईशेजारी जमिनीवर बसलेली बाई या चेहऱ्यात कुठे आहे, ते ती शोधत होती. ती बाई होती, तीच होती. तेच तर कळत नव्हतं, की तेव्हाचं बसणंही खरं आणि हेही खरं.

"आज घरी जा. डोकं शांत कर," डॉक्टर म्हणाल्या.

तिने स्टोअरमधून एक गठ्ठा पुस्तिका पिशवीत घातल्या. हिना काउंटरवरून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर हिनाचा मेसेज होता : ताई, मॅडम म्हणाल्या आजपासून येऊ नका. सॉरी ताई. नऊ वर्षांच्या नोकरीचा शेवट मॅडमना स्वतःच्या तोंडाने सांगावासा वाटला नाही.

संघपालने मेसेज वाचला. मोबाइल तिला परत दिला. मग म्हणाला, "मला वाटायचं, तू लपून खातेस."

"माहीत आहे."

"बोललो नाही कधी."

"तेही माहीत आहे," ती म्हणाली आणि पायांत चपला सरकवल्या.

दाणाबाजारात राजकुंवरबाईंच्या यजमानांचं, सोहनलालजींचं, दुकान शोधायला वेळ लागला नाही. ते गादीवर बसले होते. पत्नीचं नाव काढल्यावर त्यांनी वर जिन्याकडे हात केला. सून आयुषीने दार उघडलं आणि वृषालीला ओळखून तिचा चेहरा आक्रसला.

राजकुंवरबाई आतल्या खोलीत खुर्चीवर होत्या. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"चक्कर येऊन पडल्या," आयुषी म्हणाली. "तीन महिन्यांपासून रोजचं एकासणं करतायत. दिवसातून एकदाच जेवायचं, एकाच बैठकीत. आणि त्या एका जेवणातही एक फुलका खाऊन उठतात. कोणाचं ऐकत नाहीत. धर्म म्हणून करतात असं सांगतात, पण आम्हाला कळतं."

"तू गप," सासूबाई म्हणाल्या. मग वृषालीकडे वळल्या. "बोला. दुसऱ्या कोर्ससाठी आलात?"

"नाही. नोकरी गेली माझी." वृषालीने पुस्तिका काढली. "हे द्यायला आले. हे तुम्हाला पहिल्या दिवशी द्यायचं होतं. दिलं नाही."

राजकुंवरबाईंना एका हाताने ती उघडता येईना. आयुषीने घेतली आणि मोठ्याने वाचायला लागली. भूक परत येते. विचार परत येतात. वजन परत येतं. खाली दुकानात तराजूचा आवाज येत होता. उपाशी राहू नये, इथे आयुषी अडखळली आणि सासूकडे न बघता पुढे वाचत गेली. शेवटची ओळ तिने हळू वाचली.

राजकुंवरबाई खिडकीकडे बघत होत्या. "मी स्थानकात प्रवचनाला जाणं बंद केलं," त्या म्हणाल्या. "तिथे बायका बघायच्या. मला शरम यायची. साठ वर्षं उपवास केले, व्रतं केली, आणि एका जिभेवर ताबा नाही म्हणून. देवापुढे सुद्धा शरम यायची बाई."

"मलाही हे आत्ताच कळलं. पण तुम्हाला सांगणारी मी होते."

"तुम्हीच होतात. डॉक्टरवर मी भरोसा नव्हता केला. तुमच्यावर केला." त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

वृषाली उठली. तेवढ्यात आयुषी आतून ताट घेऊन आली. बाराचा सुमार, एकासण्याची वेळ. तिने खुर्चीसमोरच्या स्टुलावर ताट ठेवलं. डाळ, भाजी, वर तुपाचा हात फिरवलेला एक फुलका. एकच. घरात आता तसाच शिरस्ता पडला असावा. राजकुंवरबाईंनी डावा हात पुढे केला आणि फुलका तोडायला गेल्या. तो ताटात नुसता सरकत राहिला. आयुषी आत गेली होती.

वृषाली क्षणभर उभी राहिली. मग खाली बसली, बाजूच्या तांब्यातल्या पाण्याने हात धुतले आणि विचारलं, "मोडून देऊ?"

राजकुंवरबाईंनी मान डोलावली.

तिने फुलक्याचे लहान तुकडे केले, डाळीत भिजवले आणि ताटाच्या त्यांच्या बाजूला ठेवले. त्या डाव्या हाताने एकेक उचलून खाऊ लागल्या. फुलका संपला. रोज त्या इथे पाण्याचा पेला मागत. आज मागितला नाही. ताटाकडे बघत बसून राहिल्या, मग स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली.

"आयुषी, गरम आण. मला भूक लागलीय."

आतून लाटण्याचा आवाज सुरू झाला. आयुषीने दुसरा फुलका आणून वाढला, मग तिसरा. वृषाली मोडत गेली.